घरच्या तंबाखूची वडी आतून का बुरसते?

कागलकडच्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलंय: घरच्या रानात तंबाखूच्या चार ओळी लावल्या होत्या. पान वाळवलं, पाण्याचा हबका मारला, सागवानी चौकटीत भरलं आणि गाडीच्या जॅकखाली आठवडाभर दाबून ठेवलं. सहा सेंटीमीटर जाडीची, विटेसारखी वडी निघाली. पंधरा दिवसांनी पाइपसाठी कापायला घेतली तर मधोमध पांढरी बुरशी, आणि कडा मात्र भुगा होऊन गळतात. दाब कमी पडला का? जास्त टनाचा जॅक घेऊ का?

नवा जॅक घेऊ नका, आहे तो भरपूर आहे. बुरशी आणि भुगा ही दोन वेगळी दुखणी दिसतात, पण मूळ एकच आहे. पानात ओल सगळीकडे सारखी नव्हती. गाभ्यात जास्त राहिली, कडेला कमी. वर वडी सहा सेंटीमीटर जाड, त्यामुळं आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. त्यातच हे काम तुम्ही जुलैत केलंय असं दिसतं. आषाढात कोल्हापुरात मीठसुद्धा पाझरतं, तिथं पान कुठून सुकणार!

मी शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा, म्हणून उमेदीची वर्षं काढली. तंबाखूशी नातं जुळलं ते लग्नानंतर. सासुरवाडी कागल तालुक्यातच, काळ्या रानाची. पोळ्याच्या पुढंमागं रोपं लागायची, जानेवारी-फेब्रुवारीत काढणी. तोडलेला माल रानातच पसरून वाळायचा. मला पहिला धडा तिथंच मिळाला. पहाटे अंधार असताना मामा, म्हणजे माझे सासरे, कंदील घेऊन रानात निघायचे आणि दवानं नरम झालेलं पान गोळा करायचे. हातात घेतलेलं पान बोटाभोवती गुंडाळून बघायचे. गुंडाळलं गेलं तर उचलायचं, कडकन आवाज आला तर तिथंच ठेवायचं. सूर्य कासराभर वर आला की मला म्हणायचे, "पाव्हणं, ऊन चढलं. आता हात लावू नगासा." कारण त्यानंतर पान उचललं की निम्मं रानातच चुरा होऊन पडायचं. १९८१ साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले, त्यात मामाही होते. वखारीत माल नेला की व्यापारी सगळ्यात आधी ढिगात कोपरापर्यंत हात घालून ओल बघतो आणि तिथंच भाव पाडतो, हे त्यांनी आयुष्यभर सोसलं होतं. त्यामुळं ओलीच्या बाबतीत त्यांची बोटं काट्यापेक्षा पक्की होती. तुमची-माझी तशी नाहीत, म्हणून आपण काटा वापरायचा. पुढं त्याचा हिशेब देतो.

आधी पानाकडं बघू. तुमच्या फोटोत काही पानं हिरवट दिसतात. कडक उन्हात पान घाईनं वाळलं की हिरवा रंग तसाच अडकून बसतो, आणि असं पान कितीही दाबा, कितीही मुरवा, धुराला गवताचा वास येतच राहतो. विडीच्या मालाला रानातली वाळवणी चालते, पाइपच्या पानाला नाही. पाइपसाठी पान आधी सावलीत पिवळं पडू द्यावं लागतं. देठाला सुतळी ओवून, दोन पानांत बोटभर जागा ठेवून, वारा खेळेल अशा छपराखाली टांगायचं. पहिले दोन-तीन आठवडे ते पिवळं होतं, मग तपकिरी. या काळात पान जिवंतच असतं. आतला पिठूळपणा मोडत असतो, हिरवा रंग विरत असतो. पूर्ण वाळायला दीड-दोन महिने लागतात. हिरवट पानं वेगळी काढा, वडीत घालू नका.

दुसरी गोष्ट मधली शीर. तुम्ही ती काढलेली नाही, आणि बुरशीची सुरुवात बहुतेक तिथूनच झाली. पानाचा पडदा कुरकुरीत झाला तरी शीर आतून ओली राहते. ती पिचते पण मोडत नाही, तोवर पान वाळलं असं समजायचं नाही. शिवाय वडीत शिरेच्या दोन्ही बाजूंना पोकळी राहते. त्या पोकळीत हवा, शेजारी ओल, बुरशीला आणखी काय पाहिजे? पान थोडं नरम करा, शेंड्याकडून शीर धरा आणि देठाकडं सरळ ओढा. सवय झाली की एका झटक्यात निघते. पानाच्या वजनाचा जवळजवळ पाव हिस्सा शिरेत जातो, म्हणून जीव हळहळतो. तरी काढाच.

आपल्या भागातलं विडीचं पान तिखट असतं. व्हर्जिनियाच्या पानापेक्षा त्यात निकोटिन कितीतरी जास्त आणि साखर कमी. ताजं वाळलेलं पान दाबलं तर वडीला नाकात झोंबणारा वास येतो. निदान एक पावसाळा ते पान पोत्यात किंवा खोक्यात निजू द्या. वखारीत मोठ्या थप्पीला आपोआप ऊब धरते आणि माल मुरतो. तुमच्या पाच-सात किलोला ती ऊब कधीच धरणार नाही, त्यामुळं घरी ढीग घालून फरमेंट करायच्या भानगडीत पडू नका. नुसता काळ जाऊ देणं हाच घरचा उपाय.

आता ओल. माझा सगळा भर यावर आहे. मार्च महिन्यात दुपारी पान हातात चुरडलं आणि कुरकुरलं, तर त्यात साधारण १० टक्के ओल असते. दाबायला १८ टक्क्यांच्या आसपास लागते. डब्यात बंद करून वर्षभर ठेवायला मात्र १४ टक्क्यांच्या वर जाऊ नये. या तीन आकड्यांत वडीचं सगळं गणित आलं.

शिरा काढलेलं, कुरकुरीत २५० ग्रॅम पान घ्या. त्यात कोरडा भाग २२५ ग्रॅम. १८ टक्के ओल हवी तर एकूण वजन २७५ ग्रॅम व्हायला पाहिजे, म्हणजे पाणी घालायचं फक्त २५ मिली. पाच छोटे चमचे! तुम्ही मारलेल्या हबक्यात याच्या कितीतरी पट पाणी गेलं असेल, आणि तेही काही पानांवरच. उकळून गार केलेलं पाणी इस्त्रीच्या फवाऱ्याच्या बाटलीत भरा. पानं कागदावर पसरून, उलटीपालटी करत, धुक्यासारखं मारा. मग सगळं पान झाकणाच्या डब्यात एक दिवस बंद ठेवा आणि दोन-तीनदा खालीवर करा. हा एक दिवस कुणीही गाळतं आणि तिथंच फसतं. पाणी पानाच्या पाठीवर असतं, ते आत शिरून सगळीकडं सारखं व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी मूठभर पान आवळून सोडा. ते हळूहळू उलगडलं पाहिजे, तडा जाता कामा नये आणि तळहात ओला लागता कामा नये. ओला लागला तर पसरून ठेवा, वजन २७५ वर आल्याशिवाय पुढं जाऊ नका.

कुणी पान वाफवूनही घेतात. वाफेनं पान मऊ आणि गडद होतं, वरची बुरशीची बीजंही बऱ्यापैकी मरतात. वीस मिनिटं पुरतात. पण वाफ खाल्लेल्या पानाचं वजन पुन्हा करा, आणि त्यासाठी वापरलेलं मोदकपात्र पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

साच्याबद्दल मात्र सविस्तर बोलतो, कारण यात माझे हात गेलेत. मी पहिला साचा केला तो पॅटर्नवाल्याच्या डोक्यानं. आमच्या धंद्यात पॅटर्न वाळूतून सुटून यावा म्हणून त्याच्या भिंतींना थोडा उतार देतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. मी तंबाखूच्या साच्यालाही तसाच ड्राफ्ट दिला, वर रुंद आणि खाली अरुंद. दट्ट्या, म्हणजे पान वरून दाबायचा ठोकळा, वरच्या मापाचा केला तर अर्ध्यावर अडकला. खालच्या मापाचा केला तर वरच्या फटीतून पान पिळून वर आलं आणि दट्ट्याभोवती गच्च बसलं. छिन्नीनं काढावं लागलं. तेव्हा उमगलं की इथं भिंती अगदी सरळ पाहिजेत आणि वडी सोडवायला साचाच उघडता आला पाहिजे. आता माझ्या साच्याला चार सुट्या भिंती आहेत, बाभळीच्या, बाहेरून दोन लोखंडी पट्ट्यांनी आणि बोल्टांनी आवळलेल्या. बोल्ट ढिले केले की भिंती आपोआप सुटतात आणि वडी अख्खी हातात येते. आतलं माप १५ बाय साडेसात सेंटीमीटर, उंची २० सेंटीमीटर. सैल पान साच्यात काठोकाठ येतं आणि दाबल्यावर तळाशी बसतं, म्हणून उंची जास्त लागते. दट्ट्या आणि भिंत यांत सगळीकडून अर्धा मिलिमीटर फट ठेवतो. कमी ठेवली तर लाकूड ओलीनं फुगून दट्ट्या चावतो, जास्त ठेवली तर पान निसटतं.

तुमच्या चौकटीचं सागवान वाईट नाही, पण त्याला तेल असतं आणि वास असतो. बटर पेपरचं अस्तर द्या. प्लायवूड नको, डिंकाचा वास दाबाखाली पानात उतरतो. साधं लोखंडही पानाला लागू देऊ नका. पानातला तुरट अंश लोखंडाशी मिळाला की वडीवर शाईसारखे काळे डाग पडतात. उद्यमनगरात कुणाही वर्कशॉपवाल्याकडून चॅनेलची चौकट आणि स्टेनलेसची तळपट्टी करून मिळते. नेताना साचा सोबत न्या म्हणजे माप चुकत नाही.

जॅकचा हिशेब सांगतो. माझ्या वडीचं क्षेत्र ११२ चौरस सेंटीमीटर. दोन टनाचा जॅक पूर्ण ताणला तर दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ १८ किलो दाब पडतो. एवढ्यात पान एकजीव होतं. पाच टन लावले तर पान काही जास्त चिकटत नाही, भिंती मात्र फाकतात. बाटली जॅकची दुसरी अडचण म्हणजे जुना झाला की तेल गळतो, आणि तो दट्ट्यावर उभा असेल तर ते तेल वडीवरच जातं. मध्ये एक कड असलेली थाळी ठेवा. मी स्वतः आता बुकबाइंडरचा जुना शिकंजा वापरतो. मंगळवार पेठेतल्या एका बाइंडरनं दुकान बंद करताना दिला. स्क्रूवर हात ठेवला की पान किती ढिलं पडलंय ते बोटांना कळतं.

भरताना घाई नको. सगळ्यात मोठी, अख्खी पानं तळाशी आणि वर ठेवायची, तुकडे मध्ये. एक थर आडवा, एक उभा. दर चार-पाच थरांनी हातानं दट्ट्या दाबून घ्या. मग आवळायला सुरुवात करा, तीही हळू. पान रबरासारखं उसळतं. एकदम पिळलं तर वरचे थर घट्ट होतात आणि मधले सैल राहतात. पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासानं पाव फेरा, दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ. पान ढिलं पडायचं थांबलं की तसंच आठवडाभर राहू द्या. साच्याच्या फटीतून काळा रस आला तर समजा ओल जास्त झाली. तेव्हा लगेच सोडा आणि पान पसरा. तुमच्या कडा गळतात त्याचं कारण इथं आहे. कडेची पानं भरतानाच कोरडी होती, आणि कोरडं पान दाबलं की चिकटत नाही, तुटतं.

वडीची जाडी अडीच सेंटीमीटरच्या वर नेऊ नका. पाव किलो पानाची माझ्या साच्यात तेवढीच होते. साच्यातून काढल्यावर ती लगेच डब्यात बंद करायची नाही. बटर पेपरात सैल गुंडाळून, सावलीत जाळीवर ठेवा, रोज उलटा आणि रोज वजन करा. २७५ ची २६२ ग्रॅम झाली की ओल १४ टक्क्यांवर आली. मग काचेची बरणी. मार्चात दोन-तीन दिवसांत होतं, म्हणून हे काम गुढीपाडव्याच्या सुमारास करायचं, पावसाळ्यात अजिबात नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी वडीवर पांढरं काही दिसलं तर घाबरून टाकू नका, आधी भिंग घेऊन बघा. बारीक चकाकणारे स्फटिक असतील तर तो पानाचा अंश वर आलेला आहे, धोका नाही. कापसासारखे तंतू असतील आणि ओल्या गोणपाटाचा वास येत असेल तर ती बुरशी. तुमच्या वडीत तीच आहे. खरवडून उरलेलं वापरायचा विचारही करू नका. तंतू आत कुठपर्यंत गेलेत ते दिसत नाही, आणि तो धूर थेट फुप्फुसात जाणार. सगळी टाका, पण परसातल्या खतात नको. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळक्या पानातही वर्षानुवर्षं तग धरतो आणि टोमॅटो-मिरचीला लागतो. तंबाखू हाताळून आलात की साबणानं हात धुतल्याशिवाय मिरचीच्या रोपाला स्पर्श करू नका. माझ्या सासूबाईंची अख्खी वाफाभर मिरची अशी गेलीय, आणि कारण कळायला आम्हाला दोन हंगाम लागले.

तुम्ही शेवटी विचारलंय की गूळ किंवा काकवी घातली तर वडी चिकटेल का. कोल्हापूरच्या माणसाच्या मनात हे येणारच. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात चघळायच्या वड्यांना ज्येष्ठमध आणि मळी लावायचे ते खरं आहे. मी एकदा गुऱ्हाळावरची ताजी काकवी पातळ करून लावून बघितली. वडी दिसायला फार सुरेख झाली, पण काकवी हवेतली ओल ओढत राहते. बरणीतली वडी श्रावणात पाझरली, आंबूस वास सुटला. पान बरोबर ओलीवर असेल तर ते स्वतःच्याच डिंकानं चिकटतं, वरून काही लागत नाही. आणि दुसरं, महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा-पानमसाल्यावर बंदी आहे आणि पुढच्या आदेशांनी सुगंधित, स्वाद लावलेली तंबाखूही त्या बंदीत आली. उत्पादन, साठवण, विक्री सगळंच त्यात येतं. त्यामुळं वास, स्वाद, मेंथॉल यांच्या नादाला लागू नका, आणि ही वडी कुणाला विकायचा विचार तर मुळीच नको.

वडी चघळू नका, हेही स्पष्ट सांगतो. फाउंड्रीतल्या माझ्या बरोबरीच्या दोन मोल्डरना, म्हणजे वाळूचे साचे भरणाऱ्यांना, तोंडाचा कॅन्सर झाला, दोघांच्याही गालात कायम तंबाखूची चिमूट असायची. दाबल्यानं पानातलं निकोटिन कमी होत नाही, ओढणाऱ्याच्या धुरातलं विषही कमी होत नाही. मी पाइप ओढतो ते हे ठाऊक असून. तुम्ही ओढत नसाल तर केवळ वडी जमली म्हणून सुरुवात करू नका. घरात लहान मूल असेल तर पान, वडी, शिरा, सगळं कुलपात ठेवा.

हातमोज्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणजे घालत नसणार. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात भिनतं. माझ्या तिसऱ्या वडीच्या वेळी साच्यातून रस गळला, तो मी उघड्या हातानं पुसला आणि मनगटापर्यंत भिजलेला हात घेऊन तासभर काम करत बसलो. संध्याकाळी दरदरून घाम, डोकं गरगरायला लागलं, दोन उलट्या झाल्या. मला वाटलं, हार्टचंच काहीतरी. मामांनी हात हुंगला आणि म्हणाले, "पानानं धरलंय तुम्हाला." दवातलं पान काढणाऱ्या बायकांनाही हा त्रास होतो. रबरी मोजे, लांब बाह्या, उघडी खिडकी. एवढं केल्याशिवाय पुन्हा साच्याला हात लावू नका.

साचा, जॅक यांतलं काही जमत नसेल तर एक जुनी पद्धत आहे. ब्रिटिश आरमारातले खलाशी अख्खी पानं कॅनव्हासच्या तुकड्यात गुंडाळायचे, वर रमचा शिडकावा करायचे आणि डांबर लावलेली दोरी इंचाइंचाला पिळून आवळायचे. पान सुकत गेलं की दोरी पुन्हा आवळायची. जाड धुतलेला कॅनव्हास आणि कोरी सुती दोरी घ्या, रमऐवजी नुसती १८ टक्के ओल ठेवा, आणि गुंडाळी अंगठ्यापेक्षा थोडीच जाड करा. पहिल्या प्रयोगाला ही पद्धत मला साच्यापेक्षा बरी वाटते. बिघडली तरी शंभर ग्रॅम पान जातं, पाव किलो नाही.

उरलेलं पान आता कोरड्या खोक्यात भरून माळ्यावर ठेवा, पावसाळा जाऊ द्या. दिवाळीनंतर एकदा उघडून हिरवट आणि डागी पानं काढून टाका. गुढीपाडव्याच्या आठवड्यात शिरा ओढा, पान कुरकुरीत झाल्याची खात्री करा आणि एकच वडी करा. बरणीच्या झाकणावर कागद चिकटवून तीन वजनं लिहा: २५०, २७५, २६२. तुमचे आकडे यांच्यापासून कुठं आणि किती हलले ते कळवा, म्हणजे पुढच्या खेपेला नेमकं काय बदलायचं ते सांगता येईल.